उपाशी वाटाण्याचा निरोप

त्या प्रयोगशाळेत रोपाला नाव ठेवायचा हक्क एकाच माणसाचा होता. ज्याला ते रोप सापडलं, त्याचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कुणी मोडत नव्हतं. काचघरात शिरलं की कुंड्यांतल्या पट्ट्यांवर ‘रडका’, ‘आळशी’, ‘वाकडतोंड्या’, ‘दीडशहाणा’ अशी नावं दिसायची आणि नव्या माणसाला वाटायचं, इथे कुणीतरी आपल्या भाऊबंदांवरचा राग काढून ठेवला आहे. या सगळ्यांत वडीलधारा होता ‘उपाशी’.

उपाशी हा वाटाण्याचा एक वाण. इतर वाटाणे काठीला धरून छातीपर्यंत चढायचे आणि हा वीतभर होऊन, पानं पोटाशी गोळा करून, जागच्या जागी बसून राहायचा. वीसेक वर्षांपूर्वी मोठ्या सरांना तो एका वाफ्यात सापडला. सर खाली वाकले, चष्मा पुसून त्यांनी त्याला नीट पाहिलं आणि म्हणाले, बिचारा उपाशी दिसतोय. झालं, बारसं उरकलं.

पण ते नुसतं नाव नव्हतं, त्यात सरांचा सगळा सिद्धान्त होता. पानाच्या पेशीत जे हिरवे कण असतात, ज्यांना शाळेत हरितलवक म्हणतात आणि पानाचं स्वयंपाकघर म्हणून शिकवतात, त्या कणांतलं एक प्रथिन उपाशीत नव्हतं. सरांचं म्हणणं सरळ होतं. स्वयंपाकघरात एक हात कमी, म्हणून स्वयंपाक कमी, म्हणून पोट रिकामं, म्हणून वाढ खुंटलेली. यावर सरांनी निबंध लिहिले, मान मिळवला, आणि प्रयोगशाळेतल्या निम्म्या लोकांची पोटं त्या उपाशीच्या जिवावर भरली. त्यात लवंगीचंही आलं.

लवंगी ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. हे नावही सरांनीच ठेवलेलं, कारण नियमाप्रमाणे तीही त्यांनाच सापडली होती. प्रवेशाच्या मुलाखतीत तिने परीक्षकांपैकी एकाशी असा काही वाद घातला की दुसऱ्या कुणी तिला दारातूनच परत पाठवलं असतं; सरांनी ठेवून घेतलं. आता तिने चाळिशी ओलांडली होती, दोन मुलांची आई झाली होती, तिच्या हाताखाली माणसं होती आणि ती माणसं तिला पुरती वचकून असायची. सरांपुढे मात्र तिचा तिखटपणा कुठे जायचा कोण जाणे. सर अजून तिला ‘पोरी’ म्हणायचे आणि तिला ते आवडायचं.

आणि नेमका तिच्याच हातून सरांच्या सिद्धान्ताला सुरुंग लागत होता.

सुरुवात एका पोरकट गोष्टीने झाली. एके दिवशी भल्या सकाळी तिने उपाशीची पानं तोडली, स्पिरिटात उकळून त्यांचा हिरवा रंग काढला आणि वर आयोडीनचे थेंब टाकले. शाळेतला प्रयोग. पानात पिष्ट असेल तर ते काळंनिळं होतं, नसेल तर पिवळट राहतं. झाड दिवसा साठवलेलं पिष्ट रात्री खातं, त्यामुळे सकाळी साधं पानसुद्धा जवळजवळ कोरं निघतं. उपाशीच्या पानात तर ठणठणगोपाळच असायला हवा होता. निघालं ते दौतीत बुडवल्यासारखं काळं. तिने पुन्हा केलं, पुन्हा काळं. कोठार भरलेलं असताना कुणी उपाशी कसा असेल?

मग ती हट्टालाच पेटली आणि शोधत शोधत जिबरेलिनपाशी पोचली. जिबरेलिन हे झाडाचं एक संप्रेरक, म्हणजे झाडातल्या झाडात फिरणारा सांगावा; तो मिळाला की देठ लांब व्हायला लागतो. त्याचा कच्चा माल त्याच हिरव्या कणांत तयार होतो आणि पुढचं काम कणाबाहेर होतं. उपाशीत जे प्रथिन नव्हतं, ते स्वयंपाक करणारं नव्हतंच. ते दारात उभं राहून हा कच्चा माल बाहेर देणारं होतं. तेच नाही म्हटल्यावर आत माल पडून, आणि बाहेर देठाला वाढायला सांगणारं कुणी नाही.

हे पडताळायला तिने उपाशीचे दोन ट्रे लावले. एकातल्या रोपांना जिबरेलिनचा एकेक थेंब, दुसऱ्यातल्यांना नुसतं पाणी. थेंबवाले आठवड्याभरात काठी शोधायला लागले. ही अर्धी गोष्ट झाली. उरलेल्या अर्ध्या गोष्टीसाठी तिसरा ट्रे हवा होता, साखर पाजलेला. उपाशी खरंच भुकेला असेल तर साखरेने वाढेल, नसेल तर नाही. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. पण ‘साखर’ अशी पट्टी लावलेला ट्रे म्हणजे सरांच्या सिद्धान्ताची उघड तपासणी, आणि सर रोज सकाळी काचघरातून फेरी मारायचे. लवंगीने तो ट्रे लावलाच नाही. जगाशी भांडणारी बाई एका ट्रेला भ्यायली.

त्यात सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. निरोपाच्या दिवशी भाषणं नकोत, लवंगी उपाशीवर बोलेल, असं त्यांनी स्वतःच जाहीर करून टाकलं होतं. म्हणजे ज्या नावावर सर आयुष्यभर उभे राहिले, ते नाव त्यांच्या शेवटच्या दिवशी, सगळ्यांसमोर, त्यांच्या तोंडावर पुसायचं. नाहीतर काळं पान खणात ठेवून गप्प बसायचं आणि पुढे जन्मभर स्वतःला तोंड दाखवायचं नाही.

तिचा नवरा गाडी शिकवायचा. दिवसभर लोकांना त्यांच्या चुका सांगायच्या आणि वर त्यांचेच पैसे घ्यायचे, असा त्याचा धंदा, त्यामुळे अशा बाबतीत घरात त्याचा सल्ला चालायचा. जेवताना तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मी कुणाला ‘चुकलात’ म्हणतच नाही. ‘पुन्हा एकदा करू या’ म्हणतो आणि माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर ठेवतो. लवंगी म्हणाली, माझ्या गाडीत ब्रेकच नाही.

“अगं, तू कुठे शिकवतेयस?” तो म्हणाला. “शिकणारी तू आहेस. ब्रेक त्यांच्याकडे असणार.”

हा विनोद आहे की शहाणपण हे न कळून तिने त्याला आणखी भात वाढला आणि विषय संपवला.

त्याच सुमारास प्रयोगशाळेतली साखर नाहीशी व्हायला लागली. चहाच्या कोपऱ्यात एक मोठा डबा असायचा, तो महिना महिना पुरायचा. आता आठवड्यातच तळ दिसायचा. लोक एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. एकाने तर डब्यावर ‘ज्याला गोड हवं त्याला लाज नाही’ अशी चिठ्ठी चिकटवली. आणि मग एका दुपारी लवंगीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सर इकडेतिकडे बघत, कागदाची पुडी करून, तीत साखर भरत होते. पुडी त्यांनी कोटाच्या खिशात घातली आणि शीळ घालत निघून गेले.

सरांना पक्का मधुमेह. कित्येक वर्षं बिनसाखरेचा चहा, दिवसातून दोनदा पोटात सुई, आणि घरी काकूंचा असा पहारा की वाढदिवसाच्या केकचाही त्यांना नुसता वास मिळायचा. तो माणूस आता चोरून साखर खातोय! निवृत्तीच्या धसक्याने माणसं असं काहीबाही करतात हे तिने ऐकलं होतं. काकूंना फोन करावा असं तीनदा मनात आलं, तिन्ही वेळा तिने फोन खाली ठेवला. गुरूची चहाडी करायची म्हणजे जीभ उचलत नाही. तिने नुसता डबा कपाटात लपवला. साखर तरीही जातच राहिली, कारण कपाटाची किल्ली सरांकडे होती. सगळी प्रयोगशाळा कडू चहा पिऊन कडू बोलायला लागली.

यातलं काही काचघराशी जोडावं असं लवंगीच्या डोक्यात आलं नाही. नुसत्या पाण्याच्या ट्रेकडे तर ती धड बघतही नव्हती. लांबून पट्टी धरून उंची मोजायची आणि पुढे जायचं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, आणि जे होतं ते बघायची तिला भीती वाटायची.

एका सकाळी तिला काचघराच्या फरशीवर मुंग्यांची रांग दिसली. काचघरात मुंगी म्हणजे घोर अपमान. लवंगीचा पारा चढला. कुणीतरी इथे बसून बिस्किटं खाल्ली असणार, आज त्याला सोडायचं नाही, असं ठरवून ती रांगेच्या मागोमाग निघाली. रांग टेबलाच्या पायावरून चढली, नुसत्या पाण्याच्या ट्रेच्या काठावरून गेली आणि मागच्या ओळीतल्या उपाशींच्या दाट पानांत शिरली. तिने पानं बाजूला केली.

कुंडीच्या मातीत एक चिमुकली काचेची बाटली गळ्यापर्यंत पुरलेली होती. बाटलीतून पांढरा सुती दोरा वर आला होता आणि सुईने ओवावा तसा रोपाच्या देठातून आरपार गेला होता. शेजारच्या कुंडीत तेच, त्याच्या शेजारीही तेच. लवंगीने बाटली उपसली, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. प्रयोगशाळेत जिभेला काही लावू नये, हे ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांना ओरडून सांगत आली होती. पाणी गोड होतं. बाटली इन्सुलिनची होती.

ती तिथेच स्टुलावर बसली. आधी तिला राग आला, कारण तिच्या ट्रेला तिला न विचारता हात लागला होता. मग ज्या माणसाला साखर वर्ज्य, तो ती चोरून वाटाण्यांना पाजतोय हे लक्षात आलं, आणि तो राग काही केल्या टिकेना. तरी होता तेवढा गोळा करून ती सरांच्या खोलीकडे गेली.

सर पुस्तकं खोक्यांत भरत होते. तिने बाटली टेबलावर ठेवली.

“सर, हे काय आहे?”

सरांनी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“तिसरा ट्रे,” ते म्हणाले.

लवंगीने वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं तिथल्या तिथे सांडली. सरांनी शांतपणे एक पुस्तक खोक्यात ठेवलं.

“तू लावला नाहीस. म्हटलं, ही मी शिकवलेलं विसरली, की हिला माझी भीड पडली? विसरणारी तू नाहीस.”

म्हणजे सरांना माहीत होतं. तिने सुकत ठेवलेलं काळं पान त्यांनी त्याच दिवशी पाहिलं होतं, थेंबवाल्या रोपांची उंचीही ते रोज डोळ्यांनी मोजत होते. लवंगी एका खोक्यावर बसली. तिने खाली मान घालून सांगून टाकलं की तिला भीती वाटत होती. सर तिच्यावर रागावतील याची नाही, ते मोडून पडतील याची. सरांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

“खरं सांगू?” ते मग म्हणाले. “पान बघून मला समजलं होतं, पण पटलं नव्हतं. सुरुवातीचे दिवस मी मनापासून वाट बघत होतो, पोरी. रोज येऊन बघायचो. म्हटलं, एवढी साखर पाजतोय, एक तरी इंचभर वाढू दे, मग लवंगीला वर्गाबाहेर उभी करतो.”

“मग?”

“मग काय? ढिम्म.” आणि सर हसायला लागले. “वीस वर्षं मी सांगतोय की घरात स्वयंपाक नाही. स्वयंपाक उतू जातोय! नुसतं ‘वाढा’ म्हणायला कुणी नाही.”

लवंगीलाही हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. ते तिला लपवता येईना, तेव्हा ती मूळ स्वभावावर गेली. दोरा ओवल्यामुळेच रोपं खुरटी राहिली असतील तर? नुसत्या दोऱ्याची तुलना कुठे आहे? मुंग्या झाल्या त्याचं काय? सरांनी तिला पुरतं बोलू दिलं. मग सांगितलं की डावीकडच्या कुंड्यांत दोरा आहे, बाटली आहे, पण बाटलीत साधं पाणी आहे, म्हणून तिथे मुंग्या नाहीत. आणि थेंबवाल्या ट्रेमध्येही दोन रोपांना त्यांनी साध्या पाण्याचा दोरा ओवला होता. ती दोन्ही इतरांसारखीच सरसर वाढली होती. “मी म्हातारा झालोय,” ते म्हणाले, “अडाणी नाही.”

ती उठली तेव्हा त्यांनी तिला दारातून परत बोलावलं. “निरोपाच्या दिवशी सगळं सांग. माझ्यासाठी मऊ करून सांगू नकोस. नाव मी ठेवलं, आता नावं तू ठेव.”

निरोपाच्या दिवशी सभेच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. फळ्यावर कुणीतरी रंगीत खडूंनी ‘निरोप समारंभ’ असं मोठ्ठं लिहिलं होतं. टेबलावर केक होता, आणि काकू त्या केकच्या आणि सरांच्या मध्ये अशा बसल्या होत्या की सरांचा हात तिथवर पोचूच नये. लवंगीने तीन कुंड्या ओळीने मांडल्या. पहिलीत पाणी प्यायलेला उपाशी, वीतभर. दुसरीत साखर प्यायलेला, वीतभरच. तिसरीतला जिबरेलिनवाला काठीचं टोक ओलांडून वर काहीतरी धरायला शोधत होता. तिने काळं पान दाखवलं. दारातल्या प्रथिनाची गोष्ट सांगितली. तिने काही मऊ केलं नाही. साखरेचा प्रयोग सरांनी केला, हे सांगताना तिने मुद्दाम थांबून सगळ्यांकडे पाहिलं, आणि डब्यावर चिठ्ठी लावणाऱ्याने मान खाली घातली.

“म्हणजे उपाशी हा उपाशी नाही,” ती शेवटी म्हणाली.

सगळे सरांकडे बघत होते. काकूंनी सरांच्या हातावर हात ठेवला. सर उठून टेबलाशी आले, साखर प्यायलेल्या उपाशीच्या पानांना त्यांनी जरा गोंजारलं आणि विचारलं, त्या दारातल्या प्रथिनाला आजवर नुसता एक आकडा आहे, त्याला नाव काय देणार? लवंगीने त्याचा विचारच केला नव्हता. ती म्हणाली, सर, तुम्हीच ठेवा.

“नियम काय आहे? सापडलं तुला.”

ती गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली, आणि तिची नजर फळ्यावर गेली.

“निरोप्या,” ती म्हणाली.

सरांनी ते नाव दोनदा मनाशी म्हणून पाहिलं आणि मान डोलावली. मागून कुणीतरी म्हणालं, मग आता उपाशीचंही नाव बदलायला हवं. त्यावर लवंगी इतक्या जोरात ‘अजिबात नाही’ म्हणाली की विचारणारा खालीच बसला. सर म्हणाले, असू दे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असतोच की जगात. इथे नाव उपाशी आणि पोट तुडुंब, म्हणजे सोनूबाईपेक्षा बरंच. सगळे हसले आणि केक कापला गेला. काकूंनी सरांना बोटाएवढा तुकडा दिला. एवढी साखर दुसऱ्यांना पाजली, तर एवढं चालेल, असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळी लवंगी सरांना फाटकापर्यंत सोडायला गेली. काकू पुढे गाडी थांबवायला गेल्या होत्या. सरांच्या हातात भेट मिळालेली कुंडी होती, तीच, उंच वाढलेल्या उपाशीची. चालता चालता वेलाचा एक तणावा सरांच्या कोटाच्या बटणाला गुंडाळला होता आणि सर तो सोडवत नव्हते. लवंगीने दिवसभर सगळं सांगितलं होतं, एकच सांगायचं राहिलं होतं. मुलाखतीतून तिला दुसऱ्या कुणी हाकलून दिलं असतं. तिला जे काही येतं ते या माणसामुळे येतं. स्वतःचं आयुष्यभराचं म्हणणं खोटं ठरवायला स्वतः दोरा ओवत बसणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता, आणि ती त्यांच्यावर पोटच्या पोरीसारखी माया करत होती. फाटकाशी आल्यावर ती थांबली.

“सर, मला तुम्हाला एक...”

पुढचं काही तोंडातून निघेना. तिने ओठ आवळले, फाटकाच्या कडीशी उगाच चाळा केला, पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा काही निघालं नाही. काकूंनी पुढून हाक मारली. सरांनी कुंडी एका हातावर तोलली आणि मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

“असू दे, पोरी,” ते म्हणाले. “निरोप पोचला.”